अंधाराची सबब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांतील लोकांच्या आरोग्याविषयी आपण छापलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वर्तमानपत्राने एवढ्या दूरच्या माणसांच्या सुखदुःखाला पानभर जागा द्यावी, याचा मला मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच त्यातील मुख्य विधानाविषयीचा माझा मतभेद कळवणे मला गरजेचे वाटते. तिकडे सहा महिने रात्र असते, त्या अंधाराने माणसे खचतात आणि त्यामुळेच त्या भागांत आत्महत्यांचे प्रमाण मोठे आहे, असा लेखाचा एकूण सूर आहे. मी पुण्यातील एका प्रसूतिगृहात एकतीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली आहे. माझी मुलगी नॉर्वेच्या उत्तरेला ट्रोम्सो शहरात राहते आणि निवृत्तीनंतर मी तिच्याकडे एक अख्खा हिवाळा काढला आहे. तिथे जे पाहिले, आणि परत आल्यावर त्या प्रदेशाविषयी जे वाचत गेले, त्यावरून अंधार ही एक सोयीची सबब आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी एक दुरुस्ती. सलग सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र ही स्थिती फक्त ध्रुवबिंदूवर असते आणि तिथे कोणाचेही घर नाही. आर्क्टिक प्रदेशात जी सुमारे चाळीस लाख माणसे राहतात, ती त्याच्या बरीच खाली राहतात. ट्रोम्सोमध्ये २७ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य क्षितिजाखाली जातो आणि जानेवारीच्या मध्यावर परत वर येतो. पण डोंगर आड येत असल्याने तो प्रत्यक्ष दिसायला २१ जानेवारी उजाडते. या सात आठवड्यांतही दिवसभर मिट्ट काळोख नसतो. दुपारच्या सुमारास दोन-तीन तास निळसर संधिप्रकाश पडतो आणि खालच्या बर्फामुळे तो आणखी उजळतो. त्या उजेडात खिडकीशी बसून मला चष्मा लावून सुईत दोरा ओवता येत असे. समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे तिथल्या जानेवारीचे सरासरी तापमान उणे चार अंशांच्या आसपास राहते आणि बंदर गोठत नाही. ज्या पुण्यात सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा, तिथून गेलेल्या माणसाला हे सगळे विलक्षण वाटणारच. पण विलक्षण म्हणजे असह्य, असे आपण परस्पर ठरवून टाकतो.

तिथे पोचल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मुलीच्या शेजारणीचे पाच महिन्यांचे बाळ बाबागाडीत, घराबाहेर, बर्फ पडून गेलेल्या अंगणात एकटे झोपलेले मी पाहिले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आपल्याकडे बाळाच्या कानाला वारा लागू नये म्हणून आम्ही केवढा जीव टाकतो. मी धावत जाऊन, वॉर्डात सवय होती तसा, बाळाच्या मानेमागे हात लावून पाहिला. मान उबदार होती, घामही नव्हता. अंगाला लागून लोकरीचा पातळ थर, त्यावर जाड लोकर, त्यावर पांघरूण, आणि चेहऱ्याला तेवढी मोकळी हवा. शेजारीण खिडकीतून हसत होती. थंडीत बाळाला बाहेर झोपवणे ही उत्तरेकडील देशांतली जुनी, घराघरांतली पद्धत आहे आणि थंडी फारच वाढली की बाळाला आत घेतात, हे मला तिने समजावून सांगितले. पुढे मग मला दिसू लागले की त्या गावात अंधाराशी वागण्याची अशी एक रीतच आहे. बालवाडीतली मुले अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या बांधून अंधारातच घसरगुंडी खेळतात, म्हातारी माणसे बुटांना खिळ्यांची पट्टी लावून रोज फिरायला जातात, सकाळच्या न्याहारीला चमचाभर कॉड माशाच्या यकृताचे तेल घेतले जाते, आणि २१ जानेवारीला शाळेतली मुले बाहेर येऊन सूर्याचे स्वागत करतात व घरोघरी त्या दिवसासाठी गोड पाव येतो. संक्रांतीनंतर आठवड्याभरात येणारा तो सण पाहताना मला घरची तिळाची वडी आठवली, हे सांगायला संकोच वाटत नाही.

अंधाराचा त्रास कोणालाच होत नाही, असे मात्र मला म्हणायचे नाही. हिवाळा आला की ज्यांचे मन दरवर्षी खचते, झोप वाढते, गोड खाण्याची ओढ लागते आणि वसंतात जे आपोआप सावरतात, अशा रुग्णांचे नीट वर्णन अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केले, आणि तेव्हापासून हा ऋतुनिगडित नैराश्याचा विकार म्हणून ओळखला जातो. त्यावर सकाळी उठल्यावर अर्धा तास दहा हजार लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) दिव्यासमोर बसण्याचा उपचार आहे. घरातला रात्रीचा उजेड काहीशे लक्सचाच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे तो दिवा केवढा प्रखर ते कळेल. उत्तरेत हिवाळ्यात झोपेच्या तक्रारी वाढतात, हेही खरे आहे. परंतु हा विकार ओळखता येतो, त्यावर इलाज आहे आणि तो तिथे सहज मिळतो. कारी लीबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ २०१४ मध्ये ट्रोम्सोला राहिल्या, तेव्हा त्यांना असे आढळले की हिवाळ्याकडे संधी म्हणून पाहणारी माणसे अधिक समाधानी असतात आणि असे पाहण्याची वृत्ती उत्तरेकडे जावे तशी वाढते. अंधार हेच कारण असते, तर याच्या नेमके उलटे आढळायला हवे होते.

आता आत्महत्यांविषयी. ग्रीनलंडमधील प्रमाण जगातील सर्वांत वरच्या देशांत मोडते, हे आपल्या लेखातील विधान बरोबर आहे. पण तिथल्या नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा ही प्रकरणे हिवाळ्यात नव्हे, उन्हाळ्यात, मावळत नसलेल्या सूर्याच्या दिवसांत अधिक दिसली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की १९६०च्या दशकापर्यंत हे प्रमाण कमी होते आणि नंतरच्या दोन दशकांत, विशेषतः तरुण मुलग्यांमध्ये, ते झपाट्याने वाढले. रात्र तर शेकडो वर्षे तेवढीच लांब होती. मग त्या दशकांत बदलले काय?

बदलली ती राहणी, आणि ती त्या लोकांना न विचारता बदलली गेली. ग्रीनलंडवर सत्ता असलेल्या डेन्मार्कच्या सरकारने किनाऱ्यावरच्या लहान वस्त्या मोडून माणसांना मोजक्या शहरांत आणण्याचे धोरण राबवले. कुल्लिस्सात हे कोळशाच्या खाणीचे गाव १९७२ मध्ये बंद झाले आणि तिथली माणसे विखुरली. राजधानी नूकमध्ये १९६०च्या दशकात जी लांबलचक इमारत उभी राहिली, तिच्यात एके काळी संपूर्ण ग्रीनलंडच्या सुमारे एक टक्का लोकसंख्या राहत होती. तिची दारे इतकी अरुंद होती की शिकारीच्या जाड कपड्यांनिशी आत शिरताना अडचण व्हायची, आणि मासे साफ करायला जागा नसल्याने बायका-पुरुष न्हाणीघरातल्या टबात मासे कापत आणि नळ्या तुंबत. ती इमारत २०१२ मध्ये पाडली. ज्याच्या हातात कालपर्यंत स्वतःची होडी आणि स्वतःची शिकार होती, त्या बापाला आपल्या मुलासमोर अशा घरात रिकाम्या हाताने बसावे लागले, तर मुलाच्या मनावर काय परिणाम होईल, हे समजायला पुण्याच्या माणसाला ध्रुवावर जाण्याची गरज नाही.

कॅनडाच्या उत्तरेतील मूलनिवासी इनुइट लोकांची कथा मला एक परिचारिका म्हणून अधिकच अस्वस्थ करते. त्यांच्यात क्षयरोग फार पसरला होता आणि १९५०च्या दशकात 'सी. डी. हाऊ' नावाचे सरकारी जहाज दर उन्हाळ्यात वस्त्यावस्त्यांना जाऊन जहाजावरच छातीचे एक्स-रे काढत असे. ज्याच्या फुप्फुसात डाग दिसेल त्याला पुष्कळदा घरी जाऊन निरोप घेण्यासाठीही उतरू देत नसत. जहाज तसेच दक्षिणेतील सॅनेटोरियमकडे निघे. १९५६च्या सुमारास दर सात इनुइटांमागे एक जण अशा रुग्णालयात होता. कित्येक जण वर्षानुवर्षे परतले नाहीत, मुले आपली भाषा विसरून परतली, आणि जी माणसे तिकडेच मरण पावली त्यांना कुठे पुरले हे घरच्यांना कळवलेही गेले नाही. कॅनडाच्या पंतप्रधानांनी मार्च २०१९ मध्ये याबद्दल माफी मागितली आणि आता त्या थडग्यांचा शोध घेऊन नातेवाइकांना तिथे नेले जात आहे. औषध बरोबर होते, निदानही बरोबर होते. पण रुग्णाला घर, नाव आणि भाषा असते, याचा विसर पडला होता. ग्रीनलंडमध्ये १९६६ ते १९७० या काळात सुमारे साडेचार हजार स्त्रिया आणि मुलींना, ज्याला आपल्याकडे पूर्वी लूप आणि आता तांबी म्हणतात, ते साधन बसवले गेले. त्यांतल्या अनेकींना विचारले नव्हते, काहींना तर सांगितलेही नव्हते, आणि त्यांत शाळकरी मुली होत्या. डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल २०२५ मध्ये माफी मागितली. मी स्वतः वॉर्डात अनेक बायांना तांबी बसवताना डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिले आहे. बाईने मान हलवली म्हणजे तिला समजलेच असे नसते, हे आम्हाला पक्के ठाऊक असते, आणि तरीही घाईच्या दिवशी आम्ही ती मान हलवणे पुरेसे धरले आहे. म्हणून हे वाचताना मला परक्यांच्या चुका वाचल्यासारखे वाटले नाही.

या साऱ्यात मनाला उभारी देणारी गोष्ट मला सापडली ती हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, क्वेबेक प्रांताच्या नुनाविक भागातल्या पुविर्निटुक या लहान गावात. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. तिथे याच्या उलट रीत लागू झाली होती. दिवस भरत आलेल्या बाईला आठवडेच्या आठवडे आधी विमानात बसवून हजार-हजार किलोमीटर दूरच्या रुग्णालयात पाठवत. नवरा, आई, आधीची मुले सगळी मागे राहत. तिची भाषा तिथे कोणाला येत नसे, तिचे जेवण मिळत नसे, आणि कळा देताना हात धरायला ओळखीचे माणूस नसे. कोणी वाईट हेतूने हे करत नव्हते. गावात शस्त्रक्रियेची सोय नाही, म्हणून सुरक्षिततेसाठीच सगळे चालले होते. पण गावच्या बायांनी आग्रह धरला आणि १९८६ मध्ये तिथेच प्रसूतिकेंद्र सुरू झाले. इनुइट मुलींनाच सुईणपणाचे पूर्ण शिक्षण तिथल्या तिथे, त्यांच्या भाषेत मिळू लागले. प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करून, जिला धोका आहे तिला वेळेवर दक्षिणेत पाठवायचे आणि बाकीच्यांचे बाळंतपण गावातच करायचे, अशी शिस्त त्यांनी घालून घेतली. पुढे त्याच किनाऱ्यावर आणखी गावांत अशी केंद्रे निघाली. सिझेरियनची सोय नसतानाही तिथल्या बाळंतपणांचे परिणाम चांगले आहेत, हे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसते. त्या गावाचा हिवाळा तेवढाच कडक राहिला, दिवस तेवढेच लहान राहिले. बाई मात्र आपल्या आईच्या देखत बाळंत होऊ लागली.

योगायोगाने त्याच वर्षी, १९८६ मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' या आपल्या आरोग्यसंस्थेचे काम सुरू केले. गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवून त्यांच्या हाती नवजात बाळांची देखभाल दिली, तेव्हा तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत साठ टक्क्यांहून अधिक उतरले. हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. पुविर्निटुक आणि गडचिरोली यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी आहे, पण दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारला गेला : तुम्हाला काय हवे आहे? वेल्ह्याच्या डोंगरातून पावसाळ्यात डोलीत घालून, मग जीपमधून आणलेल्या बाया माझ्या वॉर्डात आल्या आहेत. त्यांपैकी एकीचे बाळ दारातच गेले, तेव्हा आमच्यातल्याच कोणी तरी म्हणाले की या लोकांना वेळेवर यायची अक्कलच नसते. रस्ता वाहून गेलेला होता. ते वाक्य ऐकून मी गप्प बसले, याची खंत मला अजून आहे. उत्तरेच्या माणसांच्या दुःखाला अंधार कारणीभूत आहे असे वाचले की मला ते वाक्य आठवते, कारण दोन्ही ठिकाणी व्यवस्थेचा दोष माणसाच्या किंवा निसर्गाच्या माथी मारला जातो.

व्यवस्था बदलली की काय होते, याचे उदाहरण ट्रोम्सोतच आहे. नॉर्वेच्या उत्तरेत डॉक्टर टिकत नसत. दक्षिणेतून येत आणि वर्ष-दोन वर्षांत परतत. म्हणून १९६८ मध्ये तिथे विद्यापीठ काढण्याचा निर्णय झाला, १९७२ मध्ये ते सुरू झाले, आणि वैद्यकीय शिक्षणात उत्तरेतल्या मुलांसाठी जागा राखल्या गेल्या. शिकून तयार झालेल्यांपैकी बहुसंख्य, आणि त्यातही मूळचे उत्तरेतले, तिथेच राहिले. त्या भागात मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराने फार मरत होते, म्हणून याच विद्यापीठाने १९७४ पासून शहरातल्या हजारो लोकांची पुन्हा पुन्हा तपासणी सुरू केली, ती आजवर चालू आहे. उकळून, न गाळता प्यायच्या कॉफीने रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते, ही गोष्ट या कामातून पुढे आली. म्हणजे लोकांचे मरण थंडीवर ढकलून न देता त्यांच्या रोजच्या किटलीपर्यंत शोध नेला गेला.

एका बाबतीत मात्र उत्तरेच्या लोकांच्या आरोग्याचा प्रश्न त्यांच्या हाती राहिलेला नाही. जगभरच्या कारखान्यांतून आणि शेतांतून उडालेली टिकाऊ रसायने वाऱ्याबरोबर थंड प्रदेशात जाऊन साचतात, माशांतून सीलमध्ये आणि व्हेलमध्ये, आणि तिथून ते मांस खाणाऱ्या माणसांत पोचतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नुनाविकच्या मातांचे दूध तपासले गेले ते खरे तर तुलनेसाठी स्वच्छ नमुना हवा म्हणून. आणि त्यात पीसीबी नावाचे औद्योगिक रसायन दक्षिणेतल्या मातांच्या दुधापेक्षा कित्येक पट अधिक निघाले. ज्या बाईने आयुष्यात कारखान्याची चिमणी पाहिलेली नाही, तिच्या दुधात हे यावे, यापेक्षा मोठा अन्याय मला माझ्या क्षेत्रात दुसरा माहीत नाही. अशा टिकाऊ रसायनांना आळा घालणाऱ्या २००१ च्या स्टॉकहोम करारात आर्क्टिकच्या मूलनिवासींचा खास उल्लेख आहे आणि भारतानेही तो करार स्वीकारलेला आहे, हे आपल्या वाचकांना कळायला हवे.

शेवटी पुण्यातल्या पालकांसाठी थोडे. शिक्षण-नोकरीसाठी आपली मुले आता नॉर्वे, फिनलंड, स्वीडनला जातात. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधक तर डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारताच्या पहिल्या हिवाळी मोहिमेत थेट ७९ अंश उत्तर अक्षांशाजवळ, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील भारताच्या 'हिमाद्री' केंद्रावर होते. तिथल्या हिवाळ्यात सूर्यप्रकाशातून ड जीवनसत्त्व तयारच होत नाही, सावळ्या त्वचेला त्यासाठी उन्हाळ्यातही जास्त वेळ ऊन लागते, आणि शाकाहारी घरातली मुले ते जीवनसत्त्व देणारे मासे खात नाहीत. फिनलंडने २००३ पासून दुधात हे जीवनसत्त्व घालायला सुरुवात केली आणि २०१० मध्ये त्याचे प्रमाण दुप्पट केले. प्रौढांना दिवसाला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, मिळावे असा तिकडचा सल्ला आहे. आपल्याकडे मात्र साठ हजार युनिटांच्या पुड्या बॅगेत भरून देण्याची चाल पडली आहे, ती कृपया थांबवावी. हे जीवनसत्त्व शरीरात साठते, अति झाल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते, आणि मूल तिकडच्या डॉक्टरला या पुड्यांबद्दल सांगेलच असे नाही. रक्त तपासून, डॉक्टरांना विचारूनच काय ते द्यावे. आणि नोव्हेंबरात फोनवर रोज "अजून अंधारच का ग?" असे विचारू नये. माझ्या मुलीनेच मला हे एकदा हळू आवाजात सांगितले होते.

लेखाचा उत्तरार्ध येत्या रविवारी येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात सहा महिन्यांच्या रात्रीची दुरुस्ती छापावी आणि ग्रीनलंडविषयी लिहिताना तिथल्या घरांची व वस्त्यांची हकिगतही यावी, अशी विनंती आहे. पुविर्निटुकच्या सुईणींना जागा देता आली, तर त्याचे कात्रण मी आमच्या जुन्या वॉर्डातल्या मुलींना नेऊन दाखवीन.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
कोथरूड, पुणे